पंचवीस नंबरचा प्रिंटर

परवा सुनेने विचारलं, "आई, पंचवीसच का? दुसरा आकडा नव्हता?"

सून घरात शिकवणी घेते. प्रश्नपत्रिका छापायला तिने प्रिंटर आणला, वायफायवर टाकला, आणि तेव्हापासून आमच्या खालापुरात वीज जाऊन आली की प्रिंटर बेपत्ता. म्हणजे जागेवरच बसलेला असायचा, ढिम्म. पण कॉम्प्युटरला सापडायचा नाही. राउटर त्याला दर वेळी नवा पत्ता द्यायचा आणि कॉम्प्युटर बिचारा जुन्या पत्त्यावर जाऊन कडी वाजवत बसायचा. मी चष्मा लावला, राउटरच्या सेटिंगमध्ये शिरले आणि प्रिंटरला एक पत्ता कायमचा बांधून दिला. शेवटचा आकडा पंचवीस. सून बघतच राहिली. सासूला लोणच्यापलीकडे काही येत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

पंचवीसचं कारण सांगायचं तर माझी फजिती सांगावी लागते. सांगते. त्या बाईला हसायला आता मला काही वाटत नाही.

ती बाई म्हणजे मीच, चाळिशीला टेकलेली. रसायनीच्या एका कारखान्यात माल पाठवण्याच्या ऑफिसात कामाला होते. हुद्दा टायपिस्टचा, पण ऑफिसात कॉम्प्युटर आले आणि त्यांच्या वायरी एकमेकांना जोडायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हापासून माझी चालच बदलली. सर्व्हरच्या खोलीची किल्ली कमरेला. किल्ली एकच, पण मी ती असा आवाज करत न्यायचे की जणू राजवाड्याचे सात दरवाजे माझ्याकडे आहेत.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता लागतो, आकड्यांचा. तो मी एकेका कॉम्प्युटरवर जाऊन हाताने घालत असे. आणि आकडे वाटले कसे? मानाने! सर्व्हरला एक. साहेबांना दहा. मग हेडक्लार्क, मग स्टोअर, अशी उतरंड. मधला दोन नंबर कुणाला, असं विचारू नका. तो मी स्वतःला ठेवला होता. यंत्राला त्याचं काही सुखदुःख नसतं, पण माणसांना कळलं आणि भडका उडाला. "स्टोअरला चौदा आणि मला सोळा? माझी नोकरी त्यांच्याआधीची आहे!" लग्नात कुणाला आधी आहेर केला यावरून रुसावं, तसे चांगले मिशीवाले पुरुष रुसून बसले.

त्याला वैतागून मी पनवेलला दोन दिवसांच्या शिकवणीला गेले आणि नवी विद्या घेऊन आले. पत्ते आता सर्व्हरच वाटेल. कॉम्प्युटर चालू झाला की तो मागणार, सर्व्हर मोकळा असेल तो आकडा काही दिवसांपुरता देणार. मान नाही, रुसवा नाही. मी सर्व्हरला सांगितलं, वीसपासून दोनशेपर्यंतचे आकडे तुझे, वाट. सगळे कॉम्प्युटर त्याच्या हवाली केले. प्रिंटर तेवढा राहू दिला, त्याला आधीच हाताने पंचवीस दिलेला होता. आणि माझा दोन. तो कसा सोडणार?

त्याच तोऱ्यात मी गेटपासची हातानं लिहायची पुस्तकंही कपाटात कुलूपबंद करवली. गेटवर बजावलं, छापलेला पास असेल तरच गाडी बाहेर. ही अक्कलही माझीच.

त्या शुक्रवारी दुपारी वजनकाट्यावर एक टेंपो उभा होता. वजन झालेलं, पिंपं बांधलेली, मागे आणखी तीन गाड्या. ड्रायव्हर कर्जतचा, माल कर्जतलाच उतरवायचा होता. तो खिडकीशी येऊन म्हणाला, "बाई, पास द्या लवकर. पोरीचा साकरपुडा हाय आज. चारला पाव्हणं यायचं हायती."

"दोन मिनिटं," मी म्हणाले. या शब्दांचा मला पुढे फार पश्चात्ताप झाला.

पास छापायचं काम चाचांचं. चाचा आमच्यातले सगळ्यात जुने क्लार्क, मोहोपाड्याला राहायचे. नुकतेच जुम्याची नमाज पढून परतले होते. त्यांनी बटण दाबलं. प्रिंटर गप्प. परत दाबलं. गप्प.

"चाचा, काय हात लावलात?" मी.

"हात कुठं लावला पोरी? जाताना स्विच बंद केला, आल्यावर चालू केला. बाराही महिने करतो. माणूस नाय तर वीज कशाला जाळायची?"

मी त्यांना बाजूला केलं. वायर काढली, घातली. कागद काढला, घातला. प्रिंटरच्या पाठीवर एक थापही मारली. हे पनवेलला शिकवलेलं नव्हतं. ड्रायव्हर खिडकीतून बघत होता. अडीच वाजले. पावणेतीन.

"बाई, हातानं लिवून द्या ना."

"चालत नाही."

"कुनी सांगितलं चालत नाय?"

चाचांनी छताकडे बघितलं.

"गाडी हितंच टाकून जाऊ तर काट्यावर हाय, मागं लायन लागली," ड्रायव्हर म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "बाप नसंल तर पोरगी हुबी कशी राहायची गं बाई?"

तरी तोंडाने मी म्हणतेच आहे, "चाचा, तुम्ही तो स्विच बंद करायला नको होता." आणि तेवढ्यात साहेबांच्या केबिनमधून मुंबईचे पाहुणे बाहेर आले. दुपारी आले होते, लॅपटॉप घेऊन. म्हणाले, "मॅडम, मघापासून माझ्या स्क्रीनवर येतंय, हा पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय म्हणून. कोण वापरतंय?"

मी आकडा बघितला. पंचवीस.

सगळं एकदम समजलं. चाचा नमाजला गेले, प्रिंटर बंद. पाहुण्यांच्या लॅपटॉपने पत्ता मागितला. सर्व्हरने पंचवीसला हाक मारली, कुणी ओ दिली नाही, म्हणून दिला तो आकडा पाहुण्यांना. त्याचं काय चुकलं? वीसपासून दोनशेपर्यंत सगळे तुझे, असं सांगणारी मी. प्रिंटरची जागा राखून ठेव, एवढं सांगायची राहिलेली मी.

"साहेब, तुमच्या लॅपटॉपची वायर काढा," मी जवळजवळ ओरडलेच. त्यांनी काढली. चाचांनी प्रिंटर बंद करून चालू केला, बटण दाबलं, आणि खर्रर्र करत तीन प्रतींचा पास बाहेर आला. त्या आवाजाइतकं गोड गाणं मी नंतर ऐकलेलं नाही. ड्रायव्हरने पास अक्षरशः हिसकावला. टेंपो गेटबाहेर पडला तेव्हा सव्वातीन झाले होते.

मग मी चाचांसमोर उभी राहिले. "स्विचमुळे नाही झालं. माझ्यामुळे झालं." एवढं बोलायला मला सर्व्हर बसवण्यापेक्षा जास्त कष्ट पडले.

चाचांनी चष्मा पुसला. "पोरी, दावतीत जेवणारा कुठंबी बसू दे. हंडी हलली तर वाढणारा फिरत राहील ना?"

पनवेलच्या शिकवणीत हे कुणी असं सांगितलं असतं तर! त्याच संध्याकाळी मी सर्व्हरला नवं सांगितलं: वाटायचे आकडे शंभरपासून. त्याखालचे राखीव, ज्यांच्याकडे बाकीच्यांना जावं लागतं त्यांच्यासाठी. सर्व्हर, प्रिंटर, काट्याचा कॉम्प्युटर. साहेब पंगतीत. हेडक्लार्क पंगतीत. आणि माझा दोन नंबर? माझ्याकडे कुठल्या यंत्राला यायचं होतं? तोही सोडला. दुसऱ्या दिवशी सर्व्हरने मला एकशे सदतीस दिला. गेटपासची पुस्तकंही कपाटातून बाहेर आली, आणीबाणीला.

शनिवार-रविवार मी कुणाला सांगितलं नाही, पण डोक्यात तो साखरपुडाच. पोचला असेल का?

सोमवारी टेंपो आला. ड्रायव्हर पेढ्यांचा पुडा घेऊन आत आला. "पोचलो! पाव्हण्यांना घरच्यांनी तीनदा च्या पाजला. चौथ्यांदा आधण ठेवलं आन् मी दारात."

त्याने चाचांच्या हातावर दोन पेढे ठेवले. माझ्यापाशी आला, पेढा मोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला.

"अर्धाच?"

"उरलेला प्रिंटरला," तो म्हणाला, आणि दुसरा अर्धा खरंच प्रिंटरवर ठेवला.

दुपारी चाचा नमाजला गेल्यावर तोही मीच खाल्ला. सुनेला एवढं मात्र सांगितलं नाही.