धाकटीच्या शेजारचं मशीन

लग्न होऊन आली तेव्हापासून त्या घराचं स्वयंपाकघर थोरलीच्या ताब्यात होतं. सासूबाईंचं पथ्य, सगळ्यांचे डबे, मुलांची दुखणी तिच्याच हातून निभायची, आणि आपल्यावाचून या घरात पान हलत नाही, याचा तिला तोरा होता. मग धाकटी जाऊ शिवणाच्या कारखान्यात लागली. ती गळ्यात ओळखपत्र घालून घरी आली, की सासूबाई स्वतः उठून तिच्या हातात चहा द्यायच्या. तो कप बघून थोरलीच्या पोटात दुखायचं.

त्यातच माडीवरच्या खोलीत विद्यापीठातली एक मुलगी भाड्याने आली. जुन्या वळणाची घरं आधुनिक कशी होतात, यावर ती प्रबंध लिहीत होती. संध्याकाळभर ती धाकटीशी बोलत बसे. थोरलीला तिने एकदाच विचारलं, "तुम्ही घरीच असता ना?"

"असते," थोरली म्हणाली. तेवढ्यावर संपलं.

एकदा जिना पुसताना वरचं बोलणं तिच्या कानावर पडलं.

"काही जण म्हणतात, आधी माणसाचं मन बदलतं, मग घर," मुलगी सांगत होती. "काही म्हणतात, मनबिन सगळं नंतर. कारखाना आला, बायकांच्या हातात पगार आला, की एकत्र घरं आपोआप सुटी होतात. तुम्हाला काय वाटतं?"

"माझं तर मनच आधी बदललं," धाकटी म्हणाली. "आमच्या ताईंचं नाही बदलायचं. स्वभावाने चांगल्या आहेत हो बिचाऱ्या."

त्या 'बिचाऱ्या'ने थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. जेवताना तिने नवऱ्याला सांगून टाकलं, "सोमवारपासून मी कारखान्यात जाणार."

"आणि घरचं कोण बघणार?"

"सासूबाईंना चहा जमतो, तसा स्वयंपाकही जमेल."

तिला नेमकं धाकटीच्या शेजारचं मशीन मिळालं. सुरुवातीला कॉलर वाकड्या यायच्या, सुई बोटात जायची. धाकटी न कंटाळता दाखवायची, आणि हिला तेच जास्त झोंबायचं. तरी हात बसला. घरात मात्र रोज सगळ्यांचं रांधायला कुणी उरलं नाही. कुरबुरी वाढल्या, आणि शेवटी दोन खोल्यांत दोन चुली झाल्या.

मुलगी भलतीच खूश झाली. "वहिनी, नोकरी करावी असं का वाटलं तुम्हाला?"

धाकटी तिथेच कपड्यांच्या घड्या घालत होती. खरं उत्तर थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"मुलांना शिकवायचंय," ती म्हणाली. "शिवाय आपल्या पायांवर उभं राहावं, असं मनात होतंच."

मुलगी पटापट लिहून घेऊ लागली.

"कधीपासून हो, ताई?" धाकटीने मान वर न करता विचारलं.

"पहिल्यापासून."

मुलगी प्रबंध घेऊन निघून गेली. पुढे धाकटी सुपरवायझर झाली आणि थोरलीच्या पाठीमागे उभी राहून तिची शिवण तपासू लागली. आठवडाभर थोरलीने ते सोसलं. मग जेवणाच्या सुट्टीत तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुपरवायझर व्हायला काय लागतं गं?"

"दहावी तरी पास पाहिजे, ताई."

घरी येऊन तिने पदर खोचला, मोठ्या लेकाच्या पुढ्यात बसली आणि म्हणाली, "तुझं गणिताचं पुस्तक दे. आणि काकूला सांगू नकोस."