हिरामण उचलायला शिकवतो

हिरामण तांडेल करावे गावचा. तुर्भ्याच्या धान्यबाजारात तो माथाडी होता आणि बाजार तिथे हलण्याआधीपासून, सव्वीस वर्षं, पाठीवरून पोती वाहत होता. नाटकाशी त्याचा संबंध जत्रेपुरता. सत्त्याण्णव साली मात्र त्याची मुलगी जाई नेरुळच्या एका हौशी मंडळाच्या संगीत नाटकात नाचायला लागली. मिठागरावरच्या बायकांची गोष्ट होती ती.

एका रविवारी तो तिला न्यायला तालमीच्या हॉलवर जरा लवकरच पोचला. बारा मुलंमुली गोल फिरत होती. मधल्या चौघांनी जाईला हातांवर घेऊन डोक्याच्या वर उचललं, आणि एकाचा तोल गेला. ती घसरली. पुढच्या वरदनं तिला कसंबसं छातीशी धरलं म्हणून डोकं वाचलं, कोपर सोलवटलं.

पेटी थांबली. दारात बाप उभा पाहून जाईचा चेहरा उतरला. मुलगे आपल्याला उचलतात हे तिनं घरी सांगितलंच नव्हतं. नाच बसवणाऱ्या सुचित्राबाई घाईनं पुढे आल्या. "दादा, रागावू नका, मी सांगते तुम्हाला..."

"राग नाय ताई," चपला काढून आत येत हिरामण म्हणाला. "पन ही पोरं कंबरंतून उचलतात. आमच्या टोळीत अशी उचलली असती तर आप्पांनी हाकलून दिली असती."

आप्पा त्याच्या टोळीचे मुकादम. कामाच्या पहिल्याच आठवड्यात हिरामणनं घाईत पोतं ओढलं होतं आणि पंधरा दिवस अंथरुणात काढले होते. तो उठल्यावर आप्पांनी त्याला आधी रिकाम्या हातांनी उठायला-बसायला लावलं. तेच त्यानं आता या मुलांना लावलं. पाय रुंद, पाठ सरळ, जोर मांड्यांचा, वजन अंगाजवळ. हाक एकानंच द्यायची.

"आनि उतरवताना जास्त जपा. चढवताना समदे जागे असतात, उतरवताना ढिले पडतात."

सुचित्राबाईंनी त्यात भर घातली: हाक समेवर पडेल आणि दोघं नुसते सांभाळायला मागे उभे राहतील.

सगळं ठरलं, पण जाई जागची हलेना. "मी नाही जाणार वर," ती हळूच म्हणाली.

"मंग मला उचला," हिरामण म्हणाला.

पोरं हसली. तो मात्र खरंच मध्ये जाऊन उभा राहिला. पंच्याऐंशी किलोचा गडी. चौघांऐवजी सहा जण लागले. वरदनं हाक दिली आणि हिरामण खांद्यांच्या उंचीवर आडवा झाला. लहानपणी आईनं घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर त्याला कुणी उचललं नव्हतं. पाठीखालचे सहा जणांचे हात त्याला वेगवेगळे कळत होते. पंख्याच्या पात्यांवरची धूळ दिसली आणि त्याला एकदम हसू फुटलं.

"काका, अंग सोडू नका, जड होताय," वरद खालून दटावून म्हणाला.

हिरामणनं लगेच अंग ताठ केलं. वजन हलकं झालेलं पोरांच्या चेहऱ्यावर दिसलं. "जाई, बघितलंस का?" तो वरूनच म्हणाला. "पोत्यासारखं पडून राहायचं नाय. आपन पन अंग धरायचं."

त्याला सावकाश उतरवलं. मग जाई उठली. आधी खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर. सहाव्या खेपेला तबला सुरू झाला, बाहेरचं रिंगण फिरू लागलं, आणि तिनं वर दोन्ही हात पसरले. खाली हिरामण आपण सांभाळायला उभे आहोत हे विसरून ठेका धरून डोलत होता. सुचित्राबाईंनी त्याला जागेवर आणलं.

पुढचे सहा रविवार तो न चुकता आला. वाशीच्या प्रयोगाला पहिल्या रांगेत बसलेल्या पुतळाबाईंनी, त्याच्या बायकोनं, लेक वर जाताच डोळे मिटले. शेजारणीनं कोपरानं ढोसल्यावर उघडले, आणि मग सगळ्यांच्या आधी टाळी त्यांचीच पडली.

नंतरही मंडळाच्या नाटकात कुणाला उचलायचं असलं की सुचित्राबाईंचा निरोप कराव्याला यायचा. धुतलेला शर्ट घालून हिरामण सायकल काढायचा. त्याच्या देखरेखीखाली एकही पोर पडलं नाही.