ससेकाकांची मांडी

आमच्या प्रयोगशाळेत सशांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे ससेकाका म्हणत. ते खोलीत शिरले की पिंजऱ्यांतले कान ताठ व्हायचे. माझ्यासाठी एकाही सशाने कधी कान हलवला नाही. मी रक्तदाबाच्या यंत्रापाशी बसायची, त्यामुळेही असेल.

तेव्हा प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम एका पेप्टाइडच्या मागे लागल्या होत्या. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटासा तुकडा. हा तुकडा रक्तवाहिन्या सैल करतो, असा त्यांचा अंदाज. वाहिन्या सैल झाल्या की दाब उतरतो आणि तो सावरायला हृदय घाईघाईने धडधडू लागतं. काही सशांना पेप्टाइड टोचायचं, काहींना नुसतं मिठाचं पाणी. सिरिंजवर चिठ्ठ्या मी लावायची.

आकडे असे सुरेख येत होते की मॅडमचे पाय जमिनीवर नव्हते. डोस वाढवला की दाब आणखी उतरे. फक्त हृदय काही घाई करेना, उलट संथच व्हायचं. इथेच घोडं पेंड खात होतं. मॅडमनी आधी यंत्राला दोष दिला, मग मला. माझं टाळकंच सरकलं.

मग काका तापाने घरी राहिले. तेच पेप्टाइड, तोच डोस, आणि दाब जेमतेम उतरला. हृदय मात्र धावलं, धावायला हवं तसं.

काका परतले त्या सकाळी मी यंत्र सोडून त्यांच्याकडेच बघत बसले. ते चिठ्ठी वाचत. पेप्टाइडवाल्या सशाला मांडीवर घेत, कानामागे अंगठा फिरवत, काहीबाही पुटपुटत. मिठाच्या पाण्याचा ससा सरळ टोचायच्या पेटीत. डोस मोठा असला तर मांडीवरचा मुक्कामही मोठा.

"काका, हे काय चाललंय?"

"त्याला औषध टोचणार ना तुम्ही? मग जरा धीर नको द्यायला?"

दाब उतरवून हृदय संथ करत होती ती मांडी; मॅडमना सांगणं भागच होतं. इतक्या दिवसांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. "उद्यापासून सशांना हात लावायचा नाही," त्या काकांना म्हणाल्या, "सामानाच्या खोलीत बसा." काकांनी अ‍ॅप्रनची घडी करून खुर्चीवर ठेवली आणि गेले. सशांवाचून हा माणूस दिवसभर करणार काय, तेच मला कळेना.

नव्या माणसाच्या हातात ससे नुसते तडफडत. टोचायच्या आधीच दाब असा चढलेला की आकडा वाचण्यात अर्थ नसायचा. मॅडमनी थोडे दिवस ताणून धरलं, मग मला घेऊन स्वतः सामानाच्या खोलीत गेल्या. काका रिकाम्या बाटल्या पुसत होते.

"या परत," त्या म्हणाल्या. "पण मांडीवर सगळ्यांना घ्यायचं, सारखा वेळ. आणि चिठ्ठी तुम्हाला दिसणार नाही."

"म्हणजे औषध कुणाला, ते मला कळणारच नाही?"

"नाही."

काकांनी हातातली बाटली खाली ठेवली. "मग सगळ्यांचीच काळजी करावी लागणार."

"करा," मॅडम म्हणाल्या आणि पहिल्यांदा हसल्या.

पेप्टाइड अगदी बेताचं निघालं. दाब थोडा उतरला, हृदय थोडं धावलं. त्याचं औषध काही झालं नाही. मॅडमच्या लेखात मात्र एक वाक्य आलं, की प्रत्येक सशाला आधी मांडीवर शांत केलं होतं. मी ते काकांना वाचून दाखवलं.

"मांडी कुणाची, ते नाही लिहिलं?"

"नाही."

"बरं झालं. नाहीतर गावभरचे ससे यायचे."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा दवाखान्यात माझ्या दंडाला पट्टा बांधला. दाब चांगलाच चढलेला निघाला. "परत बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पट्टा पुन्हा फुगेपर्यंत मी डोळे मिटले. काकांची फार आठवण आली. कानामागे अंगठा फिरतोय, कुणीतरी काहीबाही पुटपुटतंय, असं समजून बसून राहिले.

या वेळी आकडा उतरला होता.

"यंत्रातच काहीतरी बिघाड दिसतोय," त्या म्हणाल्या.

एरवी मी भांडले असते. त्या दिवशी गप्प बसले.