तळाशी पांढरं दिसतंय ना?

तक्रारमामांचा जन्म नाही म्हणण्यासाठीच झाला असावा. प्रयोगशाळांना प्रथिनं विकणाऱ्या कंपनीत ते ग्राहकांचे फोन घेत. मुख्य माल म्हणजे अपोलिपोप्रोटीन, रक्तातली चरबी पाठुंगळीला मारून हिंडणारं प्रथिन. माणसाचंच, पण माणसाला सुई न टोचता मिळवलेलं. त्याची कृती जिवाणूंच्या पोटात घालायची, की ते स्टीलच्या टाकीत मुकाट्याने बनवत बसतात. रजा मागत नाहीत. बाटलीवर ठळक छापलेलं असतं, ‘फक्त संशोधनासाठी’. तरी कुणीतरी विचारतंच, “वडिलांना दुधातून दिलं तर चालेल का हो?”

बाकी फोनांचा विषय एकच: बाटली रिकामी आहे. वाळवलेलं प्रथिन इतकं थोडं, की तळाशी फुंकर मारल्यासारखा पांढरा थर तेवढा दिसतो. “उजेडात धरा. दिसलं? मग झालं!” मामांनी आजवर एकही तक्रार मान्य केली नव्हती. यामागे तत्त्व होतं, शिवाय बायको होती. बाटल्या भरायच्या खोलीचा कारभार मामींकडे होता, आणि त्यांची चूक काढून पुन्हा त्यांच्याच हातचं जेवायला वाघाचं काळीज लागतं.

एका सोमवारी एका संशोधक मुलीचा फोन आला.

“सर, बाटलीत प्रथिन नाहीये.”

“तळाशी पांढरं दिसतंय ना, ताई?”

“दिसतंय. ते मीठ आहे.”

“चाखून बघितलंत?”

“मोजून बघितलं. सर, गुरुवारी मोठ्या यंत्रावर मला वेळ मिळाली आहे. हुकली तर थेट पुढच्या वर्षी. हवं तर मला मूर्ख म्हणा, पण दुसरी बाटली पाठवा.”

मूर्ख म्हणायची परवानगी आजवर कुणी आपणहून दिली नव्हती. मामा विरघळले. त्याच खेपेतली राखून ठेवलेली बाटली त्यांनी तपासायला लावली. प्रथिन शून्य. मीठ मात्र अव्वल, उत्तम वाळवलेलं.

मामा भरायच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले.

“अगं, समज हं, नुसतं समज, एखादा ट्रे...”

“सरळ बोला.”

मामा सरळ बोलले. मामी रागावल्या नाहीत, आणि हेच जास्त भयंकर होतं.

रोज सकाळी यंत्र नीट भरतंय का हे बघायला आधी बाटल्यांचा एक ट्रे नुसत्या मिठाच्या पाण्याने भरतात आणि तो ओतून देतात. मग प्रथिनाचा खरा ट्रे, तो वाळवतात. दिसायला दोन्ही पाणीच.

“म्हणजे खरा ट्रे मी सिंकमध्ये ओतला आणि मिठाचा वाळवला,” मामी म्हणाल्या. “आठवलं. दोन्ही समोर होते, आणि हा भिंतीवरचा फोन वाजला. तुमचा.”

“माझा?”

“डब्यातल्या भाजीत मीठ नाही म्हणून. गेलं बघा तुमच्या वाटचं त्या पोरीकडे!”

मामांनी आयुष्यातली पहिली तक्रार मान्य केली. त्या खेपेच्या साऱ्या बाटल्या परत मागवल्या. दुसऱ्या खेपेतली एक मामींनी तपासून दिली, मामांनी बर्फाच्या डब्यात बसवली आणि कुरिअरवाल्याला इतक्या सूचना दिल्या, की तो बिचारा डबा मांडीवर घेऊनच निघाला.

गुरुवारी मामांचा फोन वाजला.

“सर, मिळालं. मोजलं. आहे! यंत्रावर बसलेय, ठेवते.”

मामा रिसीव्हर कानाला लावून तसेच बसून राहिले. तक्रार नसलेला फोन एवढा आखूड असतो, याची त्यांना कल्पनाच नव्हती.