हातांवर बसणारे कोडेसर

एखाद्या माणसावर लिहायचं तर तो पुरता कळलेला असावा, आणि लिहिणाऱ्याचा हातही थोडा चाललेला असावा. माझ्याकडे दोन्ही नाही. आमच्या घरात उत्तरपत्रिकेपलीकडे काही लिहू पाहणारा मी पहिलाच. कोडेसरांना माझ्याहून जास्त वर्षं ओळखणारी माणसं पुण्यात आहेत. त्यांनी लिहायचं ते मी लिहितोय, याबद्दल त्यांची क्षमा मागतो. लिहितोय ते एवढ्याचसाठी, की त्यांचं एक कोडं मी नासवलं.

कोडेसर स्वतःच्या हातांवर बसत. कोथरूडच्या एका सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आमचं ऑफिस होतं. तिथं 'सावलीची शिडी' नावाचा मोबाइलवरचा खेळ तयार होई. खेळात कंदील घेतलेली एक मुलगी. कंदील जमिनीवर ठेवला की तिची सावली भिंतीवर पडते, आणि त्या सावलीवर पाय देत ती वर चढते. प्रत्येक खोलीत एक बंद दार. कंदील कुठं ठेवला म्हणजे ते उघडेल, हे कोडं. ही कोडी सर चौकटीच्या वहीत काढत. कुणी नवीन माणूस ती खेळून बघायला बसला, की सर शेजारी स्टुलावर बसून दोन्ही तळवे मांड्यांखाली घालत. खेळणारा चुकला की आपलं बोट नकळत पुढं जातं, म्हणून. ते म्हणत, "अडकवणं कुणालाही जमतं. अडकलेल्याला आपलं आपण सुटू देणं अवघड."

खेळाचे पहिले दोन भाग त्यांचे. नंतर मालकांना घाई झाली आणि सरांना वगळून पुढचे दोन भाग निघाले. त्यात अडलं की बाण दिसे, जाहिरात बघितली की उत्तरच मिळे. लोकांनी ते उघडले आणि काढून टाकले. मग मालक पाचव्या भागासाठी कसबा पेठेत सरांच्या घरी गेले. सर रुसले असतील असं त्यांना वाटलं होतं. "रुसायला मला कुणी विचारलं कुठं होतं?" असं म्हणून सरांनी चप्पल पायात घातली.

हा भाग फसला तर खेळ कायमचा बंद, असं मालकांनी सांगितलं होतं. सरांना घाई होती ती वेगळीच. त्यांना काचबिंदू होता. नजर कडेनं मिटत चालली होती. आधी ते पेन्सिलनं काढत, मग जाड स्केचपेननं, मग पानावर एकच चौकोन मावेल एवढं मोठं. शेवटची खोली काढून झाली तेव्हा त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "आता यापुढचं दुसऱ्या कुणीतरी बघावं."

मी यवतमाळकडचा. विश्रांतवाडीला खोली करून कॉलेज करत होतो. त्याच कॉलेजातून आधी शिकून गेलेल्या केतकीताई तिथं प्रोग्रॅमर होत्या, त्या मला घेऊन गेल्या. मी आयुष्यात असला खेळ खेळलेला नाही, हे खाली मान घालून सांगितलं, तर सर खूश झाले. "काहीच येत नाही ना? उत्तम." वर्गात, ऑफिसात, बँकेत, सगळीकडं मला माझं न येणं लपवावं लागे. इथं त्यालाच किंमत होती. कोडं कधीच न पाहिलेल्या माणसाला ते 'कोरा' म्हणत, आणि मला तर त्यांनी आडनावच देऊन टाकलं. "या, कोरे. आज वेळेवर? बस चुकली नाही वाटतं."

कोरा माणूस एका कोड्याला एकदाच उपयोगी पडतो. शेवटची खोली ऑफिसात सगळ्यांनी पाहिली होती. ती पडद्यावर असली की सर मला बाल्कनीत पाठवत. दोन महिने त्यांनी मला त्या एका खोलीसाठी राखून ठेवलं होतं.

एक दिवस ते वही घरी विसरले. मला ती आणायला पाठवलं. त्यांच्या बहिणीनं वही दिली, मी कोथरूडच्या बसमध्ये बसलो, आणि डेक्कन यायच्या आत ती उघडली. कुणी भाग पाडलं नव्हतं. पानावरचं चित्र मोठं, ठळक होतं. मिटेपर्यंत सगळं कळून गेलं होतं.

हे सांगितलं असतं तर मी तिथं कुणाच्याच कामाचा उरलो नसतो. मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सर हातांवर बसले आणि मी नाटक केलं. डोकं खाजवलं, खेळातल्या मुलीला दोनदा उगाच पाडलं, अर्ध्या तासानं दार उघडलं. सर "बरं" म्हणाले आणि उठले.

चार दिवस मला जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी बाल्कनीत त्यांच्यासमोर सगळं बोलून टाकलं.

"माहीत आहे," ते म्हणाले. "कोरा माणूस आधी डावीकडच्या उघड्या वाटेनं जातो. तुम्ही तिकडं बघितलंही नाहीत."

"मग सर, तेव्हाच बोलला का नाहीत?"

"मी हातांवर बसलो होतो."

मग ते समोरच्या इमारतीकडं बघू लागले. किती दिसत होतं कोण जाणे. म्हणाले, "दुसरं काढायला मला आता दिसत नाही, कोरे. आणि हे सुटतं की नाही, ते कळायचं राहिलं."

माझ्याऐवजी कोरे म्हणून मी खोलीवरच्या दोन्ही मित्रांना ऑफिसच्या जिन्यापर्यंत नेलं. मालकांनी आत घेतलं नाही. प्रकाशनाआधी बाहेरच्या कुणालाही खेळ दाखवायचा नाही, म्हणाले. मी दारात हात जोडले. त्यांनी उलट सरांना सुचवलं, शेवटच्या खोलीत एक बाण टाकू, धोका नको. सर म्हणाले, बाण टाका आणि माझं नाव काढा. बाण टाकायचा राहिला. मी मात्र काम सोडलं. परीक्षेचं कारण सांगितलं. कसब्यात त्यांच्या घराच्या बोळापर्यंत दोनदा गेलो आणि दोनदा परत फिरलो.

खेळ आला. लोक लिहू लागले, जुनी मजा परत आली, पहिल्या दोन भागांसारखाच झालाय. मी एकेक ओळ वाचत होतो. मग शेवटच्या खोलीपाशी सगळे थांबले. आठवडा गेला. हे दार उघडतच नाही, बनवणाऱ्यांनीच चूक केली, असं लोक म्हणू लागले. मला उत्तर येत होतं. चार ओळी लिहिल्या असत्या की सगळ्यांची दारं उघडली असती. मोबाइल कॉटवर उपडा ठेवला आणि मी हातांवर बसलो. बोटांना मुंग्या येईपर्यंत.

दहाव्या दिवशी केतकीताईंचा फोन आला. साताऱ्याच्या एका शिक्षिकाबाईंनी दार उघडलं होतं. सहा दिवस लागले, कुणाला विचारलं नाही, आणि पहिल्या दिवशी डावीकडच्या वाटेतच फसले होते, असं त्यांनी कळवलं होतं.

"सरांना सांगितलं का?" मी विचारलं.

केतकीताई म्हणाल्या, "सर मंगळवारी गेले रे. झोपेतच. सोमवारी फोनवर बोलणं झालं होतं. म्हणाले, 'कुणी सोडवलं तर आधी कोऱ्यांना कळवा.' म्हणून तुला पहिला फोन केला."