बाबांच्या चार कवड्या

बाबांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात, त्यांच्याच शब्दांत, बिनपगारी रजेवर गेला. तो कामावर परत यायचा तर रोज मूठ मिटायला आणि उघडायला हवी होती. डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचे काही महिनेच महत्त्वाचे. नंतर हात आहे तसा राहील.

आमच्या वारज्याच्या फ्लॅटवर येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई उत्साही होत्या. बाबांनी स्पंजचा चेंडू दाबला की त्या टाळ्या वाजवायच्या. "व्हेरी गुड, काका!"

"बाई, मी चेंडू दाबलाय. गड घेतलेला नाही," बाबा म्हणाले आणि चेंडू कपाटात गेला. सोसायटीने त्यांचा ज्येष्ठ नागरिक म्हणून सत्कार केला, तेव्हा जिद्द या विषयावर बोलत असलेल्या अध्यक्षांना मध्येच थांबवून त्यांनी विचारलं, "नारळ फोडून मिळेल का?"

मी लोणी काळभोरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. त्याचा घरात कधी उपयोग होईल अशी माझी समजूत नव्हती. पण आईच्या सारिपाटाच्या सहा कवड्या खणात सापडल्या आणि मी बाबांसमोर सतरंजीवर बसले. आलटून पालटून कवड्या टाकायच्या. कवडी उताणी, म्हणजे चीर वर करून पडली की एक गुण. आधी पन्नास गाठेल तो जिंकला. बाबांनी मात्र उजव्या हातानेच टाकायच्या. ते तयार झाले, आणि पहिले दोन्ही दिवस जिंकलेसुद्धा.

"तुझ्या पाच उताण्या होत्या, तू एकच मोजलीस," दुसऱ्या दिवशी ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी सरकारी कचेऱ्यांचे हिशेब तपासले होते, हे मी विसरले होते. "दानधर्म करायचा असेल तर देवळाबाहेर जा. तिथे गरजू असतात."

"म्हणजे खेळ बंद?"

"खोटा बंद. खरा असेल तर सांग."

मग मी खरा खेळ मांडायला बसले. बाबांच्या मुठीत चारच कवड्या मावत, माझ्या सहा. कवडी उताणी किंवा पालथी पडण्याची शक्यता निम्मी-निम्मी धरली, तर एका फेकीत त्यांच्या सरासरी दोन उताण्या पडणार, माझ्या तीन. म्हणून त्यांच्या प्रत्येक उताण्या कवडीला तीन गुण आणि माझ्या कवडीला दोन. दोघांचीही फेकीमागे सरासरी सहा. आमच्या विषयात याला अपेक्षित मूल्य म्हणतात. दोन्ही बाजूंचं ते सारखं असलं की खेळ न्याय्य. बाबांनी गणित तपासलं, चूक सापडली नाही म्हणून थोडे नाराज झाले, आणि खेळायला बसले.

त्यानंतर ते रोज हरले.

"आकडेमोड ठीक आहे," ते शेवटी म्हणाले. "पण खेळ लबाड आहे. कुठे, ते तू शोध. पगार तू घेतेस."

चिडून दुसरा माणूस उठून गेला असता. बाबा उठले नाहीत, हे माझं नशीब. पण हरत राहणारा माणूस किती दिवस बसेल, याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्राची गरज नव्हती.

मी गणित सोडून त्यांच्या हाताकडे बघायला लागले. डाव्या हाताने ते कवड्या उजव्या तळहातावर ठेवायचे. बोटं कशीबशी मिटायची, हळूहळू उघडायची, आणि कवड्या सतरंजीवर नुसत्या घसरायच्या. कवडीला लोळायला झटका लागतो. तो मिळाला नाही की ती आपल्या सपाट अंगावर, पालथी बसते. वर्गात मी वर्षानुवर्षं जे नाणं उडवत आले, त्याला कुणाचा हातच नव्हता. तेच नाणं मी आमच्या सतरंजीवर आणून ठेवलं होतं.

पुढच्या काही संध्याकाळी आम्ही जिंकण्या-हरण्याशिवाय नुसत्या कवड्या टाकल्या. माझ्या सहातल्या साधारण तीन उताण्या पडत. त्यांच्या चारातली जेमतेम एक. नवा नियम असा ठरला की त्यांच्या कवडीला तीन गुण, माझ्या कवडीला एक.

"मला तिप्पट?" बाबांनी भुवई उंचावली.

"दया नाही बाबा. मोजलंय."

"मोजताना मी होतो. बरं, टाक."

आता डाव खरोखर कुणाचाही होऊ लागला. बाबा हरले की लगेच दुसरा मागत, जिंकले की मी मागत असे. त्या चेंडूवर बाईंनी घालवलेल्या सगळ्या दिवसांत मिटली नसेल इतक्या वेळा ती मूठ एका संध्याकाळी मिटायची. बाईंनी एकदा सवयीने टाळी वाजवली. बाबांनी नुसतं पाहिलं. मग त्या गुण मोजायला बसल्या.

आणि मग बाबा जिंकतच सुटले.

"परत सुरू केलंस का तू?" कवड्या टाकून त्यांनी विचारलं.

"अहो बाबा, गुण बाई मोजतात, वर तुम्ही तपासता. यात मुद्दाम हरायचं कसं, तेवढं सांगा."

ते आपल्या फेकीकडे बघू लागले. मीही सतरंजीकडे बघितलं. पूर्वी त्यांच्या कवड्या गुडघ्यापाशी ढिगाने पडायच्या. आता त्या लांबवर विखुरलेल्या होत्या, त्यातल्या दोन उताण्या. एक तर दिसतच नव्हती.

बाबांनी उजवा हात उचलून दुसऱ्याच कुणाचा असावा तसा बघितला.

"म्हणजे नियम आता माझ्या बाजूला झुकलाय."

"हो."

"आणि प्राध्यापकबाई गप्प?"

"आत्ताच लक्षात आलं."

"बदल. दोघांनाही सहा कवड्या, दोघांनाही एकेक गुण."

"सहा तुमच्या मुठीत मावायच्या नाहीत. आज हराल."

"आज हरेन. मग?"

त्यांनी सतरंजीवरच्या कवड्या, बाजूला ठेवलेल्या दोन धरून, एकेक करून उजव्या हातानेच उचलल्या. पाचवी निसटली. पुन्हा उचलली, पुन्हा निसटली. मी हात पुढे केला तसे ते म्हणाले, "ही राहू दे. दिवाणाखाली गेलीय ती आण. सहा लागतील."