दीपिका बोरीकर

बोरीच्या येडबाची थोरली पोरगी दीपिका एका हळदीत नाचली अन् कुणीतरी तो नाच मोबाइलवर टिपून गावभर पाठवला. दुसऱ्या दिवशी पारावर गावातली झाडून सगळी इज्जतदार मंडळी जमली. व्हिडिओ नीट पाहिल्याशिवाय न्याय कसा करायचा, म्हणून तो पुन्हा पुन्हा पाहण्यात आला. तंटामुक्तीचे अध्यक्ष चंद्रभानराव यांनी तर चष्मा पुसून पाहिला.

"येडबा, पोरगी नाचायलीय तुझी, अन् मान खाली जायलीय गावाची," ते म्हणाले.

येडबाचा जन्म मेंढरांमागं गेलेला. गावाची मान आपल्या अंगणात अडकलीय, हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं घाबरून दीपिकाला पूर्णेला मावशीकडं धाडून दिलं.

मावशीच्या गल्लीत परमेश्वर ऑर्केस्ट्रावाला राहायचा. एकदा त्याची नाचणारी ऐन वेळी आजारी पडली, अन् रेल्वेतल्या कुणाच्या तरी निरोप समारंभात दीपिका उभी राहिली. पहिल्या गाण्याला ती भीतीनं दोनदा ठेका चुकली. दुसऱ्या गाण्यात साउंड बॉक्सनं मान टाकली. पब्लिक ओरडायला लागलं. तशी दीपिकानं घुंगरांवरच ठेका धरला, ओरडणाऱ्यांनाच टाळ्या वाजवायला लावल्या अन् नाच पुरा केला. तिची भीती तिथंच कुठंतरी गळून पडली.

परमेश्वरनं बोर्डावर नाव टाकलं, 'दीपिका बोरीकर'. जत्रा झाल्या, दुकानांची उद्घाटनं झाली. नाव जिंतूरपर्यंत पोचलं, तसे चंद्रभानराव चार माणसं घेऊन पूर्णेत हजर.

"आडनाव काय बी लाव. आमच्या गावाला कशाला वढायलीस?"

"काका, गावानं हाकललं, म्हून नाव तेवढं संगं आणलं," दीपिका म्हणाली. "ते बी वापस देऊ का?"

चंद्रभानरावांनी घड्याळात पाहिलं. परतीच्या गाडीला लय वेळ होता, म्हणून मंडळी तिचा कार्यक्रम पाहायला बसली. पहिल्या रांगेत.

मग दीपिका टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत झळकली. बोरीच्या स्टँडवर बॅनर लागला, 'आमच्या गावची शान'. त्यात दीपिका कोपऱ्यात होती, अन् मधोमध हात जोडून चंद्रभानराव. सत्काराच्या भाषणात ते म्हणाले, "आमीच हिला पूर्णेला धाडलं. गावात ठिवली असती, तर झाली असती का येवढी मोठी?"

गावानं टाळ्या वाजवल्या. शाल अंगावरून भिरकावून द्यावी, असं दीपिकाला वाटलं. पण येडबा नवा फेटा बांधून, जन्मात पहिल्यांदा, चंद्रभानरावांच्या शेजारच्या खुर्चीवर बसला होता. बसला कसला, कडेला टेकला होता. त्याच्याकडं पाहून तिनं शाल खांद्यावर नीट सावरून घेतली.

खाली उतरताना चंद्रभानरावांची कॉलेजातली लेक सविता आडवी आली. "ताई, मला बी शिकवताल का?"

"घरी चल आधी!" स्टेजवरची शान तिथंच ठेवून चंद्रभानराव खेकसले.

"पूर्णेला ये," दीपिका म्हणाली. "काकांनी पाह्यलंय आमचं ठिकाण."

पुढच्याच महिन्यात सविताचं लग्न उरकण्यात आलं. पत्रिकेत ठळक छापलं होतं, 'प्रमुख आकर्षण : सुप्रसिद्ध नृत्यांगना दीपिका बोरीकर'. वाचून दीपिकाला आधी हसू फुटलं. मग सविताचा चेहरा आठवला, अन् ते तिथंच थांबलं.